शिडीचं जॅकेट

३ फेब्रुवारी, सोमवार

आज मी तोंडघशी पडण्याची चोख व्यवस्था करून ठेवली आहे.

सकाळी अकराला दार वाजलं. दारात बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. अंगात काळ्या साटीनचं जॅकेट, पण इतकं मोठं की हात बाह्यांच्या आतच राहिले होते. पाठीवर जहाज आणि कुठल्याशा सिनेमाचं नाव, छातीवर पिवळ्या धाग्याने भरलेलं 'शिडी'. तिने कॉलर उलटी करून आतली पट्टी दाखवली. आमच्याच दुकानाची पट्टी, पत्त्यासकट. दुकान बंद होऊन तीस वर्षं झाली, पण पट्टीचा एक टाका हललेला नाही.

शूटिंग संपलं की सिनेमावाले कामगारांना अशी जॅकेटं वाटतात. पाठीवर सिनेमा, छातीवर ज्याचं त्याचं हाकेचं नाव. त्या काळी हे काम अण्णा करायचे, म्हणजे माझे सासरे. मुलगी रॅप करते, स्टेजवरचं नाव ठिणगी. तिची सहा जणांची टोळी आहे आणि पंधरा मार्चला त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम आहे. सहाही जणांना अशीच जॅकेटं हवीत, कॉम्प्युटरवरच्या भरतकामाची नकोत, हातानं फिरवायच्या यंत्रावरची हवीत.

मी आत अण्णांना हाक मारली. ते आले, जॅकेटकडे बघितलं आणि आल्या पावली खोलीत परतले. चहालासुद्धा बाहेर आले नाहीत.

आणि मी, जिने आयुष्यात कधी भरतकाम केलं नाही, ती म्हणाले, "होईल. करून देते." कपड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं मी तपासणीवर होते. दुसऱ्यांच्या टाक्यांतल्या चुका काढायच्या, एवढंच माझं काम. कारखाना बंद पडून आज चाळीस दिवस झाले. जीभ टाळूला लावायच्या आत हो म्हणून गेले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

यंत्रावरची चादर काढली. शिलाई यंत्रासारखंच दिसतं, पण टेबलाखाली एक मूठ आहे. डाव्या हाताने कापड धरायचं, उजव्या हाताने खालून मूठ फिरवायची. मूठ फिरेल तिकडे सुई जाते. एकच धागा, खालून वर येतो आणि साखळीसारखा एकात एक अडकत जातो.

अण्णांना म्हटलं, "दाखवा ना."

"यंत्राला हात लावू नकोस असं मी म्हणत नाही, सूनबाई. पण मला विचारू नकोस."

"का पण?"

"सोडलंय मी ते."

एवढं बोलून पेपर वाचत बसले. पेपर कालचा होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाच दिवस जुन्या चादरीवर सराव. 'अ' काढायला जाते आणि गोगलगाय होते. मनगट दुखतं. हे बस चालवून घरी आले, चादर उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "अगं, आमच्या मार्गाचा नकाशा छान जमलाय. फक्त डेपो कुठाय?"

मी बोटाने दार दाखवलं, म्हटलं, तो तुमचा डेपो. हसायला काय जातं! मला मात्र हे शिकायचंच आहे. उद्या सकाळी सहाला बसणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ठिणगी मापं घेऊन आली. जॅकेटं समोरचा शिंपी बेतणार, पाठीवर 'आठवा मजला' ही मोठी अक्षरंही तोच कापडाची कापून लावणार. ते टोळीचं नाव, कारण ही टोळी लिफ्ट जात नाही त्या मजल्यावर सराव करते. छातीवरची नावं माझ्याकडे. भोंगा, चिमटा, उंदीर, मास्तर, गुपचूप आणि पाव्हणा. मी म्हटलं, आईबापांनी ठेवलेली नावं बरी होती की. ती म्हणाली, "काकू, ती रेशनकार्डावर. हाक मारायला ही."

मला एक कळत नव्हतं, ते विचारलं. गाणारी माणसं तुम्ही, आणि सिनेमातल्या हमालांची जॅकेटं कशाला? तिचे डोळेच चमकले. म्हणाली, रॅप करणारे जुने लोकही अशी जॅकेटं घालून फिरायचे, तेव्हापासून ती फॅशन झाली. आता गोळा करणारे शौकीन मागे लागतात, तिला रोज कुणी ना कुणी विचारतं, विकतेस का. "पण हे दुकानात मिळत नव्हतंच कधी. सेटवर राबलात तरच मिळायचं. सिनेमात ह्यांची नावं शेवटी येतात, तेव्हा लोक चपला शोधत असतात. जॅकेटवर मात्र नाव छातीवर असतं, कुणाला चुकवता येत नाही. आमचंही तसंच आहे. मी पुढे उभी राहते, पण मागे सहा जण असतात. मला त्यांची नावं दिसायला हवीत."

तिच्या अंगातलं तिच्या आजोबांचं. लाइटच्या खात्यात होते, इतके उंच की शिडी न घेता दिवे लावायचे. म्हणून बाह्या अशा लोंबतात आणि लोकांना वाटतं ही नवी पद्धत आहे.

रात्री जेवताना अण्णांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्याची बायको... आहे का अजून?" मी म्हटलं, तीन वर्षांपूर्वी गेली म्हणे. अण्णा पानावरून उठले. हल्ली त्यांना पचत नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे 'भोंगा' हे नाव चादरीवर सलग, न थांबता, वाचता येईल असं उमटलं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

दुसरी लॉन्ड्रीत. रोज दुपारी दोन ते पाच मी तिथे इस्त्री झालेले कपडे तपासायला जाते. मालकीणबाई म्हणाल्या, एक तारखेपासून पूर्ण दिवस या, नाहीतर दुसरी बाई बघते. हे म्हणाले, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. त्यांचं खोटं नाही. पण मला आता दुसऱ्यांच्या चुका काढत म्हातारं व्हायचं नाही. माझ्या स्वतःच्या चार चुका मला करून बघायच्या आहेत.

नाही म्हणून सांगितलं. पंधरा दिवस दुपारी येईन, मग नाही. ही सहा जॅकेटं नीट गेली तर दुकान पुन्हा उघडेन. नाही गेली तर काय, ते लिहीत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

भोंगा झाला! खऱ्या साटीनवर, पिवळ्या धाग्यात. साटीनचा जाच असा की सुई गेली की भोक राहतं, चुकलं तर लपत नाही. श्वास रोखून बसले होते. घडी घालून कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

अण्णा दारात येऊन उभे होते. म्हणाले, "शेवट बघितलास का?" मी म्हटलं, "अहो अण्णा, आत्ता कुठे सुरुवात आहे, शेवटाचं काय काढता?" ते काहीतरी पुटपुटत गेले. वयाप्रमाणे माणूस असं बोलायला लागतो. आमचे आजोबाही शेवटी शेवटी प्रत्येक गोष्टीत शेवट काढायचे.

१ मार्च, शनिवार

चिमटा झाला, पाव्हणा झाला. उंदराने मात्र घात केला. 'दी'ची वेलांटी घसरली आणि 'र' खाली लोंबला, अगदी शेपटीसारखा. कापड फुकट गेलं म्हणून रडूच आलं. तसंच यंत्रावर टाकलं आणि दुपारी लॉन्ड्रीत गेले. उद्या शिंप्याकडे जाऊन नवा तुकडा घालता येतो का विचारते.

२ मार्च, रविवार

थकल्या डोळ्यांवर कधी विश्वास ठेवू नये. सकाळी 'उंदीर' बघितला तर चांगला सरळ आहे! रेघ बाकीच्यांपेक्षा थोडी जाड वाटते, बहुधा रात्रीच्या दमट हवेने धागा फुगला. पण वेलांटी अशी डौलदार की मलाच माझं कौतुक वाटलं. बहुतेक हात बसला की असं होत असावं, आपल्याला कळायच्या आत.

६ मार्च, गुरुवार

'मास्तर'चंही तेच. काल अर्धवट वाकडा टाकून गेले होते आणि आज बघते तर देखणा. हे हातात येणं म्हणजे काय असतं ते आता समजायला लागलंय. गुपचूप संध्याकाळी पूर्ण केला आणि सहाही झाले. आता शिंप्याकडे अस्तर लावायला द्यायचे, पण त्याआधी रविवारी एकदा सगळ्यांना घालून बघणार.

घरात मात्र सगळे माझ्या जिवावर उठलेत. माझं स्टूल कुणीतरी रोज खाली करून ठेवतं. यंत्राला इतकं तेल घातलंय की टेबलावर ओघळ आलाय. ह्यांना फैलावर घेतलं. ते म्हणतात, मी बसला तेल घालतो, तुझ्या यंत्राला नाही. खोटं बोलण्याची हद्द झाली. त्यात अण्णांचा चष्मा यंत्राच्या खणात सापडला आणि त्यांच्या स्वेटरला पिवळे धागे चिकटलेले. म्हटलं, अण्णा, दुपारी माझ्या पसाऱ्यात लोळता की काय? ते म्हणाले, "इथे ऊन चांगलं येतं." त्या खोलीला खिडकी उत्तरेची आहे.

९ मार्च, रविवार

आजचं लिहायचं नव्हतं, पण लिहिणार.

सगळी टोळी आली. पोरं चांगली आहेत, चपला ओळीने काढून ठेवल्या. जॅकेटं घातली, आरशासमोर ही धक्काबुक्की. भोंगा म्हणाला, "काकू, आत काहीतरी गुदगुल्या करतंय." अस्तर नव्हतंच अजून. त्याने आत हात घातला, लोंबणारा धागा पकडला आणि ओढला.

अख्खं नाव निघालं. सर्रकन. 'भोंगा' उलट्या बाजूने उसवत गेला आणि त्याच्या हातात वावभर पिवळा धागा राहिला. छातीवर नुसती भोकं. मी चिमट्याचा धागा हलकेच ओढून बघितला, तोही निघाला. मग पाव्हणा, मग गुपचूप. उंदीर आणि मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. त्यांचा धागा निराळ्या रिळाचा होता की काय, देव जाणे.

साखळीचा टाका! एकच धागा, शेवटी अडवला नाही तर मुळापर्यंत सुटत जातो. कारखान्यातल्या यंत्रांत दोन धागे असतात, एक ओढला तर दुसरा धरून ठेवतो. बावीस वर्षांत शेवटचा टाका तपासायची वेळच आली नाही. मी एकाही जॅकेटची आतली बाजू बघितली नव्हती. मी! तपासनीस!

ठिणगी म्हणाली, "काकू, सहा दिवस आहेत." रागावली असती तर बरं झालं असतं. उद्या ती एकटी येणार आहे, काय करायचं ते ठरवायला. लॉन्ड्रीची दुसरी बाई शुक्रवारीच रुजू झाली.

नाही. पुन्हा करेन. त्याच भोकांतून सुई घालेन, डोळे फुटले तरी.

१० मार्च, सोमवार

पहाटेपासून भोकांतून जायचा प्रयत्न करत होते. दोन अक्षरांत चार नवी भोकं पाडली. दहाला ठिणगी आली. तिला गाठीचं सांगत होते, तर ती म्हणाली, "मग आमच्या शिडीचं काय गुपित आहे? हे निघतच नाही."

तिने आजोबांचं जॅकेट उलटं केलं. छातीपाशी अस्तर फाडलेलं होतं. म्हणाली, "माझा काका कॉलेजात होता तेव्हा त्याला हे घालायचं होतं, पण 'शिडी' नको होतं. अस्तर फाडलं, धागा ओढला, दातांनी ओढला. नाही निघालं. आजी हसत होती. म्हणाली, गाठ मारणाऱ्याला आपलं घर चांगलं ठाऊक होतं."

मी आत बघितलं. एकावर एक दोन बारीक गाठी, दुसरी पहिलीच्या पोटात बसवलेली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अण्णा कधी येऊन बसले होते कोण जाणे. "हसत होती?" त्यांनी विचारलं.

"हो. दर थंडीत घालायची. गुडघ्यापर्यंत यायचं तिला. अंगावर असतानाच गेली ती."

अण्णा एकदम बोलायला लागले, ते थांबलेच नाहीत.

"जॅकेटं वाटायच्या आदल्या दिवशी प्रॉडक्शनचा माणूस आला. म्हणाला, शिडी परवा गेला, झोपेतच. ते नाव उसवा आणि त्याच्या जागी आलेल्याचं घाला. गाठ मारायची राहिली होती अजून. एक धागा ओढायचा होता, बाळ. बोटांत धरला होता मी. नाही ओढवला. चार महिने त्या माणसाने माझ्या दुकानात चहा प्यायला होता, दारात वाकून येऊन. मी गाठ मारली. एक पुरते, मी दोन मारल्या. दुसऱ्या दिवशी नावं पुकारून जॅकेटं वाटली. पुकारणाऱ्याने आधी नाव बघितलंच नाही, मोठ्याने 'शिडी' म्हणून पुकारलं. तुझी आजी त्याचं सामान न्यायला आलेली, कोपऱ्यात उभी. सगळा सेट तिच्याकडे बघायला लागला. ती पुढे आली, जॅकेट घेतलं आणि कुणी केलं म्हणून विचारलं. लोकांनी माझ्याकडे बोट केलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि गेली. मी काय ते समजलो. म्हटलं, ऐन दुःखात त्या बाईचा तमाशा केला आपण, आपल्या हट्टापायी. त्यानंतर यंत्र झाकलं."

ठिणगी उठली आणि त्यांच्या पायाशी बसली. म्हणाली, "आजोबा, आमच्या घरात त्यांचं हाकेचं नाव फक्त इथेच लिहिलंय." आणि तिने ते जॅकेट काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. अण्णा रडले. मीही रडले. एवढं सगळं ह्या माणसाने तीस वर्षं पोटात ठेवलं आणि मी पोटाच्या डॉक्टरकडे न्यायला निघाले होते.

ती गेल्यावर मी कपाटापाशी जाऊन उंदीर आणि मास्तर उलटे केले. दोन बारीक गाठी, दुसरी पहिलीच्या पोटात.

स्टूल, तेल, चष्मा, स्वेटर. बावीस वर्षांची तपासनीस, आणि माझ्या नाकासमोरची चोरी दिसली नाही! हसू आवरेना. पण बोलले नाही. जॅकेटं परत ठेवली आणि बाहेर येऊन म्हटलं, "अण्णा, आता तरी गाठ शिकवा."

"बस," ते म्हणाले. "आणि ते स्टूल खाली कर आधी. इतक्या उंचावरून मूठ फिरवतात होय?"

१३ मार्च, गुरुवार

चार दिवस कसे गेले कळलं नाही. भोकं लपवायची युक्ती अशी की तीच रेघ दोनदा शेजारून न्यायची, म्हणजे रेघ जाड होते. (दमट हवेने धागा फुगतो म्हणे!) अण्णा शेजारी बसून ओरडतात. "मूठ फिरव, मान नको फिरवू." "घाई कशाची, गाडी सुटतेय?" स्वतः हात लावत नाहीत. मी मुद्दाम म्हटलं, एवढा 'चि' तुम्ही करून द्या. तर म्हणाले, "मी सोडलंय म्हटलं ना." चेहऱ्यावर रेघ हलली नाही. असा पक्का चोर मी पाहिला नाही.

आज चौथं नाव झालं. चारही धागे सगळा जोर लावून ओढले. हलले नाहीत. संध्याकाळी शिंपी सहाही जॅकेटं अस्तर लावायला घेऊन गेला.

१५ मार्च, शनिवार

कार्यक्रम झाला. कानात अजून दडे बसलेत. अर्धे शब्द कळले नाहीत, पण शेवटी ठिणगीने एकेकाचं नाव पुकारलं, भोंगा, चिमटा, उंदीर, आणि ज्याला पुकारलं तो पुढे आला. लोक ती नावं ओरडत होते. हे उभे राहून शिट्ट्या मारत होते, ड्रायव्हर माणूस. सगळ्यात शेवटी तिने आपल्या छातीवर हात ठेवला आणि 'शिडी' म्हणाली. अण्णांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की अजून दुखतंय.

बाहेर तीन मुलांनी पत्ता विचारला. आणि ठिणगीने मला एक पुडकं दिलं. सातवं जॅकेट, छाती कोरी. "काकू, राबलं त्याला मिळतं. नाव तुमचं तुम्हीच भरा."

१६ मार्च, रविवार

सकाळी बसले. कुठलं नाव भरायचं ते ठरलेलंच होतं. ते माझं नव्हतं. सहातली दोन नावं ज्याने भरली, जॅकेट त्याचं. 'अण्णा' असं भरलं, एका दमात, एकही भोक चुकलं नाही. शेवटची गाठ मात्र मारली नाही. धागा तसाच लोंबता ठेवला, जॅकेट यंत्रावर पसरलं आणि म्हटलं, "अण्णा, मी धागा आणायला जाते. दोन तास लागतील." म्हटलं, त्यांचं नाव त्यांनीच पक्कं करावं. मग चोरी कबूल केल्यासारखं होईल.

आले तेव्हा अण्णा पेपर वाचत होते. पेपर आजचा होता, उलटा धरलेला. स्टूल खाली केलेलं होतं. बाजूला टेबलावर पिवळ्या धाग्याचं एक भेंडोळं, नुकतंच उसवलेलं.

जॅकेटवर 'सूनबाई' होतं. रेघ थोडी जाड.

आतून धागा चिमटीत धरला आणि ओढला. पुन्हा ओढला, दातांनी ओढला. नाही निघालं.